हरवलेला शिरोबिंदू: चौकोन आणि निर्देशक भूमितीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या किनारपट्टीवरची नववी-दहावीची मुलं आणि त्यांना संध्याकाळी अभ्यासाला बसवणारे आईवडील निर्देशक भूमितीच्या धड्यावर जे प्रश्न हमखास विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. पाठ्यपुस्तकात बिंदूंना रोमन अक्षरं असतात, इथे अ, ब, क, ड घेतली आहेत. बिंदू (क्ष, य) असा लिहिला की पहिला आकडा आडव्या क्ष-अक्षावरचा, दुसरा उभ्या य-अक्षावरचा. काही उदाहरणं कलमांच्या बागेतली आणि घराच्या पायातली आहेत. दोरी, चार खुंट आणि टेप एवढ्यावर ती खळ्यात करून बघता येतात, आणि बघावीतच.

तीन शिरोबिंदू दिले की चौथा निघतोच ना?

नाही. हा गैरसमज आधी काढला पाहिजे. तीन बिंदू दिले की त्रिकोण ठरतो, चौकोन ठरत नाही. चौथा बिंदू कागदावर जवळजवळ कुठेही टेकवला तरी काही ना काही चौकोन होतोच. चौथा शिरोबिंदू ‘निघतो’ तो आकाराच्या नावामुळे: समांतरभुज, आयत, चौरस, पतंग. ते नाव म्हणजेच न दिसणारी माहिती. म्हणून गणित वाचताना आकड्यांच्या आधी आकाराच्या नावाखाली रेघ मारा.

चौकोनाचं हे ढिलेपण आपल्याकडे फार पूर्वीपासून माहीत आहे. इ. स. ११५० च्या ‘लीलावती’त भास्कराचार्यांनी बजावलं आहे की चौकोनाचा लंब किंवा कर्ण न सांगता नुसत्या बाजूंवरून क्षेत्रफळ विचारणारा माणूस पिशाच समजावा, आणि त्याला उत्तर देणारा त्याहूनही मोठा पिशाच. ज्याला पटत नसेल त्याने मासेमारीच्या जाळ्याचा एक आस (जाळ्यातलं एक चौकोनी भोक) बोटांनी ताणून बघावा. चारही बाजू तेवढ्याच राहतात, पण एका दिशेला ओढला की आस लांबट होऊन मिटत जातो. बाजू त्याच, आकार वेगळा, आतली जागाही वेगळी.

समांतरभुज चौकोनाचा चौथा शिरोबिंदू काढायची सगळ्यांत सोपी रीत कोणती?

समोरासमोरच्या शिरोबिंदूंची बेरीज सारखी येते. चौकोन अबकड असेल तर अ आणि क समोरासमोर, ब आणि ड समोरासमोर. म्हणजे

अ + क = ब + ड, म्हणून ड = अ + क − ब.

क्ष-निर्देशकांचं वेगळं करायचं, य-निर्देशकांचं वेगळं. अ(१, २), ब(७, ४), क(९, ९) असतील तर

ड चा क्ष = १ + ९ − ७ = ३
ड चा य = २ + ९ − ४ = ७

ड(३, ७). ताळा हवा असेल तर दोन्ही कर्णांचे मध्यबिंदू काढा. अक चा मध्यबिंदू (५, ५.५), बड चाही (५, ५.५). जुळले.

हे सूत्र पुस्तकात असं दिसत नाही. परीक्षेत चालेल का?

नुसतं ‘ड = अ + क − ब’ लिहून उत्तर ठोकू नका. एक ओळ आधी लिहा: ‘समांतरभुज चौकोनाचे कर्ण परस्परांना दुभागतात, म्हणून कर्ण अक चा मध्यबिंदू = कर्ण बड चा मध्यबिंदू.’ हा गुणधर्म नववीच्या ‘चौकोन’ या प्रकरणातला आहे आणि मध्यबिंदूचं सूत्र दहावीचं. दोन्ही बाजूंच्या छेदात २ आहे, तो गेला की वरचीच बेरीज उरते. म्हणजे सूत्र वेगळं नाहीच, फक्त २ ने भागून पुन्हा २ ने गुणायची हेलपाट वाचते.

मला सूत्रं लक्षातच राहत नाहीत. दुसरी वाट आहे?

आहे, आणि खरं सांगायचं तर मी स्वतः तीच आधी शिकवते. ब पासून क पर्यंत कसं जायचं ते मोजा. ब(७, ४) वरून क(९, ९) ला जाताना २ उजवीकडे आणि ५ वर. समोरची बाजू समांतर आणि तेवढीच लांब, म्हणून अ पासूनही तसंच चाला: अ(१, २) वरून २ उजवीकडे, ५ वर, पोचलात ड(३, ७) ला.

चूक होते ती दिशेत. ब कडून क कडे मोजलं तर अ कडून ड कडे जायचं. क कडून ब कडे मोजलं आणि तेच आकडे अ ला जोडले, तर (−१, −३) येतं. तोही एका समांतरभुज चौकोनाचाच कोपरा आहे, पण तो चौकोन अबकड नव्हे. याबद्दल पुढच्या उत्तरात.

बाई, नुसते तीन बिंदू दिले आणि क्रम दिलाच नाही तर?

तर उत्तरं तीन. प्रश्नात ‘समांतरभुज चौकोन अबकड’ असं लिहिलेलं असतं तेव्हा तो क्रम हीसुद्धा माहितीच असते, आणि मुलं ती सरसकट वाया घालवतात. क्रम नसेल तर समोरासमोरची जोडी कोणती हे आपणच ठरवायचं, आणि तीन बिंदूंतून अशा जोड्या तीन होतात.

मघाचेच बिंदू (१, २), (७, ४), (९, ९) घ्या.

(१, २) आणि (९, ९) समोरासमोर धरले तर चौथा (३, ७).
(१, २) आणि (७, ४) समोरासमोर धरले तर चौथा (−१, −३).
(७, ४) आणि (९, ९) समोरासमोर धरले तर चौथा (१५, ११).

आता ही तीन उत्तरं आलेखकागदावर मांडून एकमेकांना जोडा. मोठा त्रिकोण तयार होतो आणि दिलेले तीन बिंदू त्याच्या तीन बाजूंच्या बरोबर मध्यावर बसतात. मोठ्या त्रिकोणाचं क्षेत्रफळ आतल्या त्रिकोणाच्या चौपट असतं आणि दोघांचा मध्यगासंपातही एकच, इथे (१७/३, ५). तिन्ही समांतरभुज चौकोनांचं क्षेत्रफळ मात्र सारखंच भरतं, इथे २६ चौरस एकक. धड्यात हे कुठे विचारत नाहीत, पण एकदा काढून बघितलेलं मूल क्रमाची चूक सहसा पुन्हा करत नाही.

एकाच गणितात दोन वेगवेगळ्या बिंदूंचा एकेक निर्देशक हरवलेला असतो. तेव्हा?

तीच बेरीज. समांतरभुज चौकोन अबकड मध्ये अ(२, −१), ब(क्ष, ३), क(९, ७), ड(४, य) असेल तर २ + ९ = क्ष + ४, म्हणून क्ष = ७. आणि −१ + ७ = ३ + य, म्हणून य = ३. संपलं.

आयतासाठी वेगळं सूत्र आहे का?

सूत्र तेच, कारण आयत हा समांतरभुज चौकोनच आहे. फक्त त्याआधी एक तपासणी लागते: दिलेल्या तीन बिंदूंत काटकोन आहे का, आणि आहे तर कुठे.

अ(−२, १), ब(२, ३), क(−१, ९) घ्या. अब चा चढ (य मधला फरक भागिले क्ष मधला फरक) = २/४ = १/२. बक चा चढ = ६/(−३) = −२. दोन चढांचा गुणाकार −१, म्हणजे ब पाशी काटकोन. आता ड = अ + क − ब = (−५, ७). कर्ण तपासले तर अक चा वर्ग १ + ६४ = ६५, बड चा वर्ग ४९ + १६ = ६५. कर्ण समान, आयत पक्का.

आयतात क्रम दिला नसला तरी बिघडत नाही. तीन बिंदूंतला काटकोन एकाच ठिकाणी असू शकतो, आणि चौथा शिरोबिंदू त्याच्याच समोर येतो. आणि कुठेच काटकोन सापडला नाही तर? तर त्या तीन बिंदूंवर आयत उभा राहत नाही. सूत्र मात्र निमूटपणे उत्तर देऊन मोकळं होईल! सूत्राला काटकोन कळत नाही, तो आपणच बघायचा.

चढ काढताना छेदात शून्य आलं. आता काय?

म्हणजे ती बाजू य-अक्षाला समांतर आहे. तिचा चढ सांगता येत नाही, गुणाकार −१ येतो का हे तपासण्याचा प्रश्नच नाही. शेजारची बाजू आडवी असेल (तिचा चढ ०) तर काटकोन आहे, नाहीतर नाही. घोळ नको असेल तर चढ सोडून तिन्ही अंतरांचे वर्ग काढा आणि पायथागोरस लावा. तो कुठल्याही दिशेच्या बाजूंना चालतो.

गवंडी पाया आखताना कर्ण का मोजतात? त्याचा याच्याशी संबंध आहे का?

थेट संबंध आहे. समजा जोतं ८ मीटर बाय ६ मीटरचं आहे. दोरीने ८, ६, ८, ६ अशा बाजू जुळवल्या तरी तो आयतच होईल असं नाही, तिरका समांतरभुज चौकोनही होऊ शकतो. म्हणून जाणता गवंडी चिऱ्याचा पहिला थर लावण्याआधी दोन्ही कर्णांवर टेप धरतो. दोन्ही १० मीटर भरले तर घर गुण्यात, म्हणजे काटकोनात आहे.

बाजू पक्क्या असताना दोन्ही कर्ण एकदम मोठे किंवा एकदम छोटे होऊ शकत नाहीत. समांतरभुज चौकोनात कर्णांच्या वर्गांची बेरीज चारही बाजूंच्या वर्गांच्या बेरजेएवढी असते. इथे ती ६४ + ३६ + ६४ + ३६ = २००. म्हणजे एक कर्ण १० पेक्षा वाढला की दुसरा १० च्या खाली गेलाच पाहिजे. एक कर्ण १०.१० मीटर भरला तर कोपरा काटकोनापासून एका अंशाहून थोडा जास्त सरकलेला आहे. ऐकायला किरकोळ वाटतं, पण ८ मीटरच्या भिंतीच्या टोकाला तो फरक १५ सेंटिमीटरच्या वर जातो आणि फरशी बसवताना उघडा पडतो.

निर्देशकांत हेच करायचं तर पहिला कोपरा (०, ०), दुसरा (८, ०), तिसरा (८, ६) धरा. चौथा आपोआप (०, ६). गवंड्याने टेपने केलं तेच आपण वजाबाकीने केलं.

समभुज चौकोन: तीन बिंदू दिले तर काय, दोन दिले तर काय?

तीन दिले असतील तर आधी अब = बक आहे का बघा, मग तीच बेरीज-वजाबाकी. बागेचा एक तुकडा घ्या, विहीर आरंभबिंदू, आकडे मीटरमध्ये. कोपरे अ(१०, २०), ब(७०, ३०), क(८०, ९०). अब चा वर्ग ३६०० + १०० = ३७००. बक चा वर्ग १०० + ३६०० = ३७००. समान. चौथा कोपरा ड(२०, ८०).

दोनच दिले आणि ते समोरासमोरचे असतील तर उरलेले दोन बिंदू कर्णाच्या लंबदुभाजकावर कुठेतरी असतात, मध्यबिंदूच्या दोन्ही बाजूंना सारख्याच अंतरावर. पण ‘कुठेतरी’ म्हणजे अगणित जागा. आणखी एक माहिती लागते, बहुधा बाजूची लांबी. अ(१, १), क(७, ९) आणि बाजू √१२५ असेल, तर मध्यबिंदू (४, ५), अर्धा कर्ण ५. पायथागोरसने दुसरा अर्धा कर्ण = √(१२५ − २५) = १०. अक ची दिशा (६, ८), तिला लंब दिशा (−८, ६), आणि योगायोगाने तिची लांबी नेमकी १०. म्हणून उरलेले शिरोबिंदू (४ − ८, ५ + ६) = (−४, ११) आणि (४ + ८, ५ − ६) = (१२, −१).

चौरसाचे दोनच बिंदू देतात. ते पुरतात?

पुरतात, पण ते शेजारचे आहेत की समोरासमोरचे हे ठाऊक हवं. सगळी किल्ली एका गोष्टीत आहे: (प, फ) ही चाल काटकोनात डावीकडे वळवली की (−फ, प) होते, उजवीकडे वळवली की (फ, −प). अदलाबदल करायची आणि एकाचं चिन्ह बदलायचं.

शेजारचे बिंदू अ(२, १), ब(६, ४). चाल (४, ३). वळवली की (−३, ४). ती ब ला आणि अ ला जोडा: क(३, ८), ड(−१, ५). उजवीकडे वळवली असती तर (३, −४), म्हणजे क(९, ०), ड(५, −३). दोन उत्तरं, दोन्ही बरोबर. ‘सर्व शिरोबिंदू पहिल्या चरणात आहेत’ अशी एखादी अट असेल तरच एक गळतं. इथे तर ती अट दोन्हींना पाडते, कारण एकात −१ आहे आणि दुसऱ्यात −३. गणित रचणाऱ्याने हे बघितलेलं असेलच अशी खात्री देता येत नाही.

समोरासमोरचे बिंदू अ(१, २), क(७, ४) असतील तर चौरस एकच. मध्यबिंदू (४, ३), तिथून क कडे चाल (३, १), वळवली की (−१, ३) आणि (१, −३). उरलेले शिरोबिंदू (३, ६) आणि (५, ०). उत्तरात कधी अर्धा येतो, दचकू नका.

कलमं लावताना हे खरंच उपयोगी पडतं का?

पडतं. हापूसच्या कलमांसाठी १० मीटर बाय १० मीटर हे जुनं रूढ अंतर आहे, नारळासाठी साधारण ७.५ मीटर. पहिली ओळ पूर्व-पश्चिम असेल तर हिशेबच नको. पण आपल्याकडच्या कातळावर आणि उतारावर ओळ क्वचितच दिशेला धरून बसते. ती गडग्याला (दगडी कुंपणाला) धरून तिरकी जाते.

समजा पहिला खुंट (०, ०) ला आणि दुसरा (८, ६) ला, दोघांत अंतर बरोबर १० मीटर. पुढच्या ओळीचे खुंट कुठे? चाल (८, ६), वळवली की (−६, ८). म्हणून (−६, ८) आणि (८ − ६, ६ + ८) = (२, १४). पुढचं प्रत्येक रोप याच दोन चाली जोडत जाऊन मिळतं. सगळी बाग दोन चालींत आखून होते.

एक सावधगिरी. हे अंतर सपाटीतलं आहे. उतारावर टेप जमिनीला चिकटवून धरला तर नकाशातलं अंतर कमी भरतं आणि कलमं दाटीने पडतात. टेप आडवा, समपातळीत धरायचा.

पतंगाला हे सूत्र लावलं तर उत्तर चुकतं. का?

कारण पतंगाचे कर्ण परस्परांना दुभागत नाहीत. एकच कर्ण दुसऱ्याला दुभागतो, तोही काटकोनात. अक हा सममितीचा अक्ष असेल (म्हणजे अब = अड आणि कब = कड) तर ड हे ब चं अक मधलं प्रतिबिंब. दोन पायऱ्या: ब मधून अक वर लंब टाका, त्याचा पाया शोधा, आणि तो पाया बड चा मध्यबिंदू धरा.

अ(०, ०), क(१०, ५), ब(५, ५). अक वर य हा क्ष च्या निम्मा. त्याला लंब रेषेचा चढ −२, ती ब मधून जाते, म्हणून य = १५ − २क्ष. दोन चलांतली ही समीकरणं दहावीच्या बीजगणितातलीच. सोडवली की क्ष = ६, य = ३. पाया (६, ३). आता ड = (१२ − ५, ६ − ५) = (७, १). ताळा: अब चा वर्ग ५०, अड चा वर्ग ४९ + १ = ५०. कब चा वर्ग २५, कड चा वर्ग ९ + १६ = २५.

बेरजेच्या सूत्राने (५, ०) आलं असतं. तो समांतरभुजाचा कोपरा झाला असता, पतंगाचा नव्हे.

समलंब चौकोनात ड सापडतच नाही. काय राहतंय?

एक अट कमी पडते आहे. ‘अब समांतर डक’ एवढंच सांगितलं तर ड हा क मधून जाणाऱ्या एका रेषेवर आहे इतकंच कळतं. त्या रेषेवर नेमका कुठे, यासाठी दुसरी काहीतरी अट लागते: डक ची लांबी, अ किंवा ड पाशी काटकोन, किंवा तिरक्या बाजू समान.

शेवटची अट सगळ्यांत मजेची. अ(०, ०), ब(१०, ५), क(६, ८), अब समांतर डक, आणि अड = बक. अब ची दिशा (२, १), म्हणून ड = (६ − २म, ८ − म) असं लिहिता येतं. बक चा वर्ग १६ + ९ = २५. म्हणून

(६ − २म)² + (८ − म)² = २५

सोपं केलं की म² − ८म + १५ = ०, म्हणजे म = ३ किंवा म = ५.

म = ३ घेतलं तर ड(०, ५). म = ५ घेतलं तर ड(−४, ३). दोन्हीकडे अड = ५. मग खरं कोणतं? म = ५ ला डक ची लांबी अब एवढीच होते, तो समांतरभुज चौकोन. आपल्याला हवा तो समद्विभुज समलंब चौकोन म = ३ चा. वर्गसमीकरणाचं दुसरं उत्तर पुष्कळ मुलं ‘चुकलं’ म्हणून खोडतात. ते चुकलेलं नाही. अड = बक आणि समांतर बाजू, या दोन अटी समांतरभुजही पाळतो, म्हणून तोही हजर झाला. उत्तर का सोडलं ते एका ओळीत लिहा.

चारही बाजूंचे मध्यबिंदू दिले तर शिरोबिंदू काढता येतील का? त्रिकोणात येतात.

त्रिकोणात येतात, चौकोनात येत नाहीत. कुठल्याही चौकोनाच्या बाजूंचे मध्यबिंदू क्रमाने जोडले की समांतरभुज चौकोन होतो. फ्रेंच गणिती पिअर व्हारिन्यों यांच्या नावाने हे प्रमेय ओळखलं जातं, ते त्यांच्या मृत्यूनंतर १७३१ मध्ये छापलं गेलं. याचा अर्थ चौथा मध्यबिंदू पहिल्या तिघांवरूनच ठरतो, तो नवं काही सांगत नाही. अ कुठेही ठेवा, प्रत्येक मध्यबिंदूतून पलीकडे उडी मारत चार उड्यांत पुन्हा अ वर येता, म्हणजे चौकोन अगणित.

एक शिरोबिंदू मात्र दिला असेल तर झालं काम. अ(०, ०), आणि अब, बक, कड चे मध्यबिंदू (२, १), (५, ४), (३, ५). मग ब(४, २), क(६, ६), ड(०, ४). दिलेले चार मध्यबिंदू समांतरभुज करत नसतील तर गणितच चुकीचं छापलं आहे.

तिन्ही बिंदू एका रेषेत आले तर?

(१, १), (३, ५), (६, ११) घ्या. दोन्ही चढ २. सूत्र (४, ७) देईल, पण तोही त्याच रेषेवर. चौकोन नाहीच. मोठ्या आकड्यांत हे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून चढ बघून घ्यावा.

मोबाईलमधले अक्षांश-रेखांश निर्देशक म्हणून वापरले तर?

हा प्रश्न बागायतदार पालकांकडून येतो आणि मला फार आवडतो. उत्तर अर्धं हो, अर्धं नाही.

अक्षांशाचा एक अंश म्हणजे साधारण १११ किलोमीटर. रेखांशाचा एक अंश विषुववृत्तापासून दूर जाऊ तसा आखूड होतो, रत्नागिरीच्या आसपास, म्हणजे १७ अंश उत्तरेला, तो साधारण १०६ किलोमीटर. म्हणजे आपल्या आलेखाच्या दोन अक्षांवरचं प्रमाण सारखं नाही.

समांतरभुजाच्या बेरजेला याने काही फरक पडत नाही. मध्यबिंदू आणि समांतर बाजू अक्ष ताणले तरी टिकतात, म्हणून बागेएवढ्या जागेसाठी अ + क − ब अक्षांश-रेखांशांवर थेट चालतं. पण काटकोन आणि लांबी टिकत नाहीत. चौरसाची वळवण्याची युक्ती, चढांचा गुणाकार −१, अंतराचं सूत्र, सगळं बिघडतं. ते वापरायचं तर आधी दोन्ही अंशांचे मीटर करा. शिवाय आंब्याच्या दाट सावलीत फोनची जागा काही मीटर इकडेतिकडे होतेच. अंशाच्या पाचव्या दशांश स्थळाचा एक आकडा म्हणजे जेमतेम १.१ मीटर, त्यापुढचे आकडे फोनवर दिसले तरी त्यांच्यावर विसंबू नका.

आमच्या जमिनीचा चौथा हद्दीचा दगड सापडत नाही. या सूत्राने काढू का?

नको. सूत्र समांतरभुज चौकोनाचं आहे, आणि कोकणातलं वडिलोपार्जित शेत समांतरभुज असण्याची शक्यता फारच कमी. तीन दगडांवरून चौथा ठरत नाही, हे पहिल्याच उत्तरात आलं. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयाची रीतसर मोजणी आहे. सूत्राने काढलेल्या बिंदूवर गडगा घातलात तर शेजारी ऐकून घेणार नाही, आणि गणिताच्या दृष्टीने त्याचंच बरोबर असेल.

सरावाला चार गणितं द्या ना.

१. समांतरभुज चौकोन अबकड: अ(−३, २), ब(१, −२), क(६, ४). ड काढा.
२. एका आयताचे तीन शिरोबिंदू, क्रम न लावता: (२, ९), (१, १), (५, ३). चौथा काढा.
३. चौरसाच्या एका कर्णाची टोकं (०, ०) आणि (६, २). उरलेले दोन शिरोबिंदू काढा.
४. पतंग अबकड, सममितीचा अक्ष अक: अ(१, १), क(८, ८), ब(२, ६). ड काढा.

उत्तरं: १. (२, ८). २. काटकोन (५, ३) पाशी, म्हणून चौथा (−२, ७). ३. (२, ४) आणि (४, −२). ४. (६, २), चौथ्यात अक्षावर क्ष आणि य सारखेच आहेत, म्हणून ब चे दोन आकडे नुसते उलटवले की झालं, लंब टाकायची गरजच नाही.